आईचे वैद्यकीय इच्छापत्र : कायदा, नीती आणि घरातले मतभेद

प्रश्न : कृष्णाकाठ

नमस्कार. प्रश्न घरगुती आहे, पण त्याला वैद्यकीय, कायदेशीर आणि नैतिक अशा तिन्ही बाजू असल्यामुळे येथे सविस्तर मांडतो.

दोन वर्षांपूर्वी माझे वडील पुण्यातील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात २३ दिवस होते. वय ८६, मेंदूत मोठा रक्तस्राव. पहिल्याच रात्री व्हेंटिलेटर लावला गेला आणि बाराव्या दिवशी गळ्याला छिद्र पाडून नळी बसवण्यात आली. उजवा हात तेवढा थोडा हलत असे. त्या हाताने नळी ओढतील म्हणून मनगट पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधलेले असे. भेटीच्या दहा मिनिटांत आई ती पट्टी सैल करायची, खालची लाल झालेली कातडी हलक्या हाताने चोळायची आणि सिस्टर आल्या की निमूटपणे पुन्हा बांधून द्यायची. हे सगळे कशासाठी चालले आहे, आणि थांबवता येईल का, असे आमच्यापैकी कोणीही विचारले नाही; आम्हालाही कोणी आपणहून सांगितले नाही.

आता आई ८२ वर्षांची आहे. तिला सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट श्वासविकार आहे, घरी ऑक्सिजनचे यंत्र आहे, आणि गेल्या हिवाळ्यात दोनदा रुग्णालयात ठेवावे लागले. बुद्धी तल्लख आहे. निवृत्त शिक्षिका असल्यामुळे वर्तमानपत्रातील शुद्धलेखनाच्या चुका अजून पेन्सिलीने दुरुस्त करते. ती एकच गोष्ट वारंवार सांगते, "ह्यांचं केलंत तसं माझं करू नका." ते लेखी करून ठेवावे असे मला आणि सांगलीच्या बहिणीला वाटते. धाकटा भाऊ टोरांटोला असतो. त्याचा ठाम विरोध आहे. कॅनडात २०१६ पासून डॉक्टरांच्या हातून मरण मागण्याचा कायदा आहे, तो त्याने जवळून पाहिला आहे, आणि "तुम्ही आईच्या बाबतीत तेच करायला निघाला आहात" असे तो म्हणतो. इकडे आई स्वतः एकादशी न चुकवणारी. परवा रात्री तिने मला हळूच विचारले, "हे आत्महत्येसारखं पाप नाही ना रे?"

अशा इच्छापत्राला भारतात कायद्याने काही अर्थ आहे का, वैद्यकीयदृष्ट्या त्यात नेमके काय लिहावे, आणि आईच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, याबद्दल जाणकारांनी लिहावे.

---

उत्तर १ : निद्रानाश

मी अतिदक्षता विभागात काम करणारा डॉक्टर आहे. कायद्याचे वकील मंडळी सांगतीलच. मी वैद्यकीय बाजू सांगतो.

आपल्या भावाची गल्लत समजण्यासारखी आहे, पण ती गल्लतच आहे. कॅनडात डॉक्टर मृत्यू घडवून आणणारे औषध देतात. भारतात ते आजही गुन्हा आहे आणि त्याला रुग्णाच्या संमतीने फरक पडत नाही. आपण ज्याबद्दल बोलत आहात ते वेगळे आहे : ज्या आजारातून रुग्ण बाहेर येण्याची शक्यता उरलेली नाही, त्या आजाराला त्याच्या वाटेने जाऊ देणे, आणि मध्ये घातलेली यंत्रे न घालणे किंवा काढून घेणे. एकात मृत्यूचे कारण आम्ही असतो, दुसऱ्यात आजार असतो. तत्त्वज्ञानाची काही मंडळी हा भेद पोकळ आहे असे म्हणतात. व्हेंटिलेटरची नळी ज्याने स्वतःच्या हाताने काढली आहे, त्याला हा युक्तिवाद समजतो, पण पटत नाही, एवढे मी माझ्यापुरते सांगू शकतो.

आमच्याकडे त्याहून अवघड भेद दुसराच आहे. यंत्र "न लावणे" आणि लावलेले यंत्र "काढणे" या दोन गोष्टी वैद्यकीय नीतिशास्त्रात समान मानल्या जातात. नातेवाइकांना आणि खरे तर कित्येक डॉक्टरांनाही त्या समान वाटत नाहीत. लावले नाही तर "नशीब" आणि काढले तर "आपण मारले", अशी भावना असते. या भावनेचा उलटा परिणाम असा, की एकदा लावले तर काढता येणार नाही या भीतीने काही जण सुरुवातीलाच नको म्हणतात आणि बरा होऊ शकणारा रुग्ण हातचा जातो.

आपल्या आईच्या बाबतीत हीच भीती मला सर्वांत जास्त वाटते, म्हणून येथे थोडे तपशिलात जातो. सीओपीडीच्या रुग्णाला अधूनमधून छातीचा संसर्ग होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि रुग्ण गुंगीत जातो. पाहणाऱ्याला हा शेवटच वाटतो. परंतु अशा वेळी नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क लावून बायपॅप यंत्राने श्वासाला दोन-तीन दिवस आधार दिला, तर बरेच रुग्ण पुन्हा घरी जातात आणि पुढे कितीतरी महिने बरे राहतात. घशात नळी नाही, गुंगीचे औषध नाही, मास्क बाजूला करून चहाही घेता येतो. इच्छापत्रात नुसते "मला नळ्या आणि यंत्रे नकोत" असे लिहिले, तर अपघात विभागातील ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर या मास्कलाही हात लावणार नाही, किंवा मग गोंधळून सगळेच करील.

म्हणून वाक्ये नेमकी लिहा. बायपॅप चालेल का? चालेल. घशात नळी घालावी लागली तर? आम्ही "ठरावीक मुदतीचा प्रयत्न" सुचवतो : समजा पाच दिवस, आणि तेवढ्यात सुधारणा नसेल तर गळ्याला छिद्र पाडायचे नाही, यंत्र काढायचे. हृदय बंद पडले तर छाती दाबून ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करायचा का? ८२ व्या वर्षी, फुप्फुसे इतकी झिजलेली असताना, त्यातून बरगड्या मोडण्यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. डायलिसिस? नाकातून अन्नाची नळी? प्रत्येक गोष्ट आईला छातीच्या डॉक्टरांसमोर बसवून, साध्या मराठीत विचारा. तासभर लागेल.

यंत्र काढायचे ठरले की रुग्णाला तळमळत सोडून देतात, हाही एक गैरसमज आहे. आधी मॉर्फिन आणि शांत करणारे औषध शिरेतून सुरू करतात, घुसमट होत नाही याची खात्री करतात, मॉनिटरचा आवाज बंद करतात, घरच्यांना आत घेतात, आणि मग नळी काढतात. मनगटाची पट्टी तर सर्वांत आधी सोडतात. आपण लिहिलेले वाचून हे मुद्दाम सांगावेसे वाटले.

---

उत्तर २ : कलम एकवीस

वकिली करतो, म्हणून कायद्याची वाट कशी आली ते आधी सांगतो. ती थोडी नागमोडी आहे, आणि तिची सुरुवात मुंबईत आहे.

मारुती श्रीपती दुबळ या मुंबई पोलिसांतील शिपायाच्या प्रकरणात १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निकाल दिला, पण १९९६ च्या ग्यान कौर प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी तो फिरवला आणि जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही असे सांगितले. त्याच निकालात मात्र एक फट राहिली : नैसर्गिक मृत्यूची प्रक्रिया सुरू झालेली असताना सन्मानाने मरणे हा सन्मानाने जगण्याचाच भाग असू शकतो. पुढचा सगळा कायदा या फटीतून आला. ७ मार्च २०११ च्या अरुणा शानबाग निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार काढण्याची मुभा दिली, आणि ९ मार्च २०१८ रोजी "कॉमन कॉज" प्रकरणात घटनापीठाने वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजेच लिव्हिंग विलला, मान्यता दिली.

मान्यता मिळाली, पण पद्धत इतकी किचकट होती की कागद करणेच अशक्यप्राय झाले. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे सही करायची म्हणजे काय, हे न्यायालयातल्या कर्मचाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. २४ जानेवारी २०२३ रोजी घटनापीठाने यात बदल केले. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरेसे आहे. निर्णय घेणारी व्यक्ती म्हणून एकापेक्षा जास्त पालक किंवा नातेवाईक नेमता येतात. एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरांना आणि एक प्रत महानगरपालिका, नगरपालिका किंवा पंचायत यांच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यायची असते, जो अभिरक्षक नेमून ती जपून ठेवतो. आईंना हा कागद लेखी स्वरूपात केव्हाही रद्द करता येईल, बदलता येईल. दोन कागद निघाले तर शेवटचा धरला जातो. आणि मजकूर संदिग्ध असेल तर वैद्यकीय मंडळ तो अमलात आणत नाही. त्यामुळे डॉक्टरसाहेबांनी नेमकेपणाचा जो आग्रह धरला आहे तो कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे.

कागद असला म्हणजे नळी लगेच निघते असेही नाही. रुग्णालयाचे प्राथमिक मंडळ, म्हणजे उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातील किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ, हे आधी मत देतात. मग दुय्यम मंडळ बसते, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ असतात. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत निर्णय द्यावा अशी अपेक्षा आहे. निर्णय अमलात आणण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते, त्यांची परवानगी मात्र घ्यावी लागत नाही. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात दाद मागता येते. इच्छापत्र नसले तरी हीच पद्धत जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने वापरता येते; परंतु मग आपले तिघा भावंडांचे एकमत लागेल, आणि ते नाही हे आपणच लिहिले आहे. कागद करायचा तो एवढ्यासाठी.

जाता जाता एक योगायोग सांगतो. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये असे अभिरक्षक नेमले जावेत म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करणारे डॉ. निखिल दातार हे स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. २००८ साली निकेता मेहता यांच्या गर्भाच्या हृदयात गंभीर दोष आढळला, तेव्हा वीस आठवड्यांची मुदत उलटून गेल्यावरही गर्भपाताची परवानगी मिळावी म्हणून न्यायालयात गेलेले डॉक्टर तेच. ती परवानगी नाकारली गेली. कायदा बदलायला २०२१ उजाडले. आज २४ आठवड्यांनंतर गर्भात गंभीर व्यंग असेल तर तेथेही वैद्यकीय मंडळच निर्णय देते. आयुष्याच्या दोन्ही टोकांना आपण शेवटी डॉक्टरांचे मंडळ बसवले आहे. हे चांगले की वाईट, यावर माझे स्वतःचे मत दर वर्षी बदलते.

---

उत्तर ३ : माळरान

मी मराठवाड्यातील एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा विभागात काम करते. वरील दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, तरीही काही गोष्टी टोचतात म्हणून लिहिते.

आमच्याकडे उपचार थांबतात ते मंडळाच्या निर्णयाने नाही, पैसे संपल्यामुळे. त्याला रुग्णालयाच्या भाषेत "डामा" म्हणतात : डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेले, अशी नातेवाइकांची सही घेतात आणि रुग्णाला रुग्णवाहिकेत चढवतात. काही वेळा श्वास देणारी पिशवी हाताने दाबत घरापर्यंत नेतात आणि उंबरठ्यावर नळी काढतात. मॉर्फिन नाही, कोणी जबाबदार नाही, कागदावर मात्र सगळे बिनचूक. दयामरणाच्या चर्चेत या मरणांची गणती कोठेच होत नाही. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात बदल होऊन मॉर्फिन मिळणे सोपे झाले, असे म्हणतात. तालुक्याच्या ठिकाणी एकदा चिठ्ठी घेऊन हिंडून पाहावे.

दुसरी गोष्ट "इच्छा" या शब्दाची. गर्भपाताचा १९७१ चा कायदा वाचला तर सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. प्रत्यक्षात कितीतरी दवाखान्यांत नवऱ्याला किंवा सासूला बोलावल्याशिवाय टेबलावर घेत नाहीत. उलट बाजूने, गर्भ मुलीचा आहे म्हणून पाडून घेणाऱ्या बाईनेही फॉर्मवर स्वतःच "माझ्या इच्छेने" अशी सही केलेली असते. त्यासाठी महाराष्ट्राला १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करावा लागला. तेव्हा बाईची इच्छा कोणाच्या दबावाखाली तयार होते, हे आपल्याला चांगले माहीत आहे. मग ८२ वर्षांच्या विधवेची इच्छा तेवढी निर्मळ, असे का धरून चालायचे? "मला कोणावर ओझं व्हायचं नाही" हे वाक्य मी रोज ऐकते. ते बहुतेक वेळा बायकाच म्हणतात, आणि बहुतेक वेळा सून किंवा मुलगा ऐकेल अशा बेताने म्हणतात.

कृष्णाकाठ, आपल्या घरी तसे आहे असे मी मुळीच म्हणत नाही. ती पट्टी सैल करणारी बाई काय बोलते आहे ते तिला पक्के कळते आहे. तरीही एक करा : छातीच्या डॉक्टरांशी तो तासभर बोलायचे आहे ना, तेव्हा आपण आणि बहीण दोघांनी अर्धा वेळ खोलीबाहेर थांबा.

---

उत्तर ४ : निवृत्त सिस्टर

मुंबईत छत्तीस वर्षे नर्स होते. वर अरुणा शानबाग यांचे नाव एका ओळीत येऊन गेले, म्हणून लिहायला बसले.

२७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्या परिचारिका असलेल्या केईएम रुग्णालयात एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून त्यांच्यावर हल्ला केला. मेंदूचा प्राणवायू तुटला. पुढे त्या ४१ वर्षांहून अधिक काळ त्याच रुग्णालयात राहिल्या आणि १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेल्या. त्यांना मरू द्यावे म्हणून पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, तेव्हा परिचारिकांनी विरोध केला, आणि अर्ज फेटाळला गेल्यावर मिठाई वाटली. पुष्कळ विद्वानांनी तेव्हा परिचारिकांना भावनाप्रधान ठरवले. पण त्या प्रकरणात व्हेंटिलेटर नव्हताच. तेव्हा अरुणांना कुस्करलेले अन्न भरवले जात होते. थांबवायचे म्हटले तर काय थांबवायचे होते? तो घास. इतक्या वर्षांत अंगाला जखम होऊ न देणाऱ्या हातांना तुम्ही तो घास थांबवायला सांगत होतात. मला विराणींचा हेतूही खोटा वाटत नाही. त्यांना जे दिसत होते तेही खरेच होते. मात्र भरवणे आणि यंत्र चालवणे या दोन गोष्टी बायकांच्या हाताला एक वाटत नाहीत, एवढे लक्षात ठेवावे. आईंना विचाराल तेव्हा अन्नाच्या नळीचा प्रश्न वेगळा आणि सावकाश विचारा, घाईत टिकमार्क करून घेऊ नका.

पापाबद्दल विचारले आहे. मी शास्त्र जाणत नाही. पण नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी आजारात अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले, डॉक्टरांनी आणि खुद्द इंदिरा गांधींनी विनंती केली तरी ऐकले नाही, आणि १५ तारखेला देह ठेवला. त्याला महाराष्ट्रात कोणी आत्महत्या म्हटल्याचे मला आठवत नाही. आपल्या आई तर त्याहून फार कमी मागत आहेत. औषध घेणार, ऑक्सिजन घेणार, मास्कही लावतील. फक्त बरे होण्याची आशा संपल्यावर गळा चिरू नका म्हणतात. हे त्यांना याच शब्दांत सांगा. शिक्षिका आहेत, फरक त्यांना लगेच कळेल.

---

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. दीड महिन्यानंतर लिहितो आहे.

माळरान यांच्या सूचनेप्रमाणे छातीच्या डॉक्टरांकडे आम्ही अर्धा तास बाहेर बसलो. दार उघडले तेव्हा दोन गोष्टी आमच्या अंदाजाविरुद्ध निघाल्या. घशातल्या नळीला आईने पाच दिवस नव्हे तर सात दिवसांची मुदत दिली, कारण "धाकट्याला तिकडून यायला वेळ लागतो." आणि अन्नाच्या नळीला तिने थेट नकार दिला नाही, तो निर्णय बहिणीवर सोपवला.

भावाशी तिने स्वतः व्हिडिओ कॉलवर बोलायचे ठरवले. आम्हाला बोलू दिले नाही. त्याने पहिल्यांदा विचारले ते हेच, की "तुला कोणी सुई देणार नाही ना?" तिने त्याला बायपॅपचा मास्क कसा असतो ते हाताने नाकावर धरून दाखवले. त्याचा विरोध पूर्ण मावळला असे म्हणणार नाही, पण निर्णय घेणाऱ्या नातेवाइकांत दुसरे नाव आपले घाला असे त्यानेच सांगितले. पहिले बहिणीचे आहे. माझे तिसरे, कारण आईच्या मते मी रुग्णालयात गेलो की डॉक्टरांना हो हो म्हणत सुटतो. हे खरे आहे.

मसुदा वकिलांनी इंग्रजीत केला होता. आईने तो परत पाठवून मराठीत करून घेतला, आणि त्यातील "व्हेंटीलेटर" मधली दीर्घ वेलांटी लाल पेनाने ऱ्हस्व केली. शेजारचे दोघे साक्षीदार झाले, त्यांच्यासमोर सही झाली आणि नोटरीने साक्षांकन केले. नगरपालिकेत मात्र हा कागद कोणत्या टेबलावर द्यायचा हे कोणालाच ठाऊक नव्हते. तीन खोल्या फिरल्यावर आरोग्य विभागातील एका बाईंनी तो पूर्ण वाचला, आवक क्रमांक टाकला आणि शिक्का मारून पोच दिली. अभिरक्षकाचे नाव मागाहून कळवू म्हणाल्या. ते अजून आलेले नाही, पाठपुरावा चालू आहे. एक प्रत डॉक्टरांच्या फाइलमध्ये आहे, एकेक आम्हा भावंडांकडे आहे. आईची प्रत रेशनकार्ड आणि पेन्शनच्या पासबुकासोबत स्टीलच्या चपट्या डब्यात आहे, आणि तो डबा आता कपाटातून काढून ऑक्सिजनच्या यंत्राशेजारी ठेवला आहे.